नाव ठाऊक नसेल तर?

यंदा नरकचतुर्दशीला आमच्या कारंज्याच्या घरी फराळाची ताटे मांडली गेली, तरी पुण्याहून आलेली पुतणी संगणकापुढून उठेना. प्रोग्रॅम लिहिणे हा तिचा व्यवसाय.

“काय हरवलंय गं?” मी विचारले.

“काका, मला हवं ते काम करणारं फंक्शन कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. पण माहितीपत्रकात शेकडो नावं नुसती अक्षरक्रमानं लावलीत!”

“मग नाव बघून शोध की.”

“नावच ठाऊक नाही, म्हणून तर शोधतेय!”

मी निरुत्तर झालो. पण कारंजेकराला गप्प बसणे जमत नाही. आमच्या गावच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांत शतकानुशतके पोथ्या जपल्या गेल्या. पण कोणत्या गाठोड्यात काय आहे, हे बाहेरच्याला कळावे कसे? १९२६ साली रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली, तीत कारंज्याच्या पोथ्याही आल्या. पुढे १९३१ साली प. ल. वैद्यांनी संपादलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ कारंजा जैन ग्रंथमालेत निघाले. पोथी जपणे हे निम्मे काम. ती परक्याला सापडावी, हे उरलेले निम्मे.

“आमच्याकडंही सुधारणा होतेय,” पुतणी म्हणाली. “जावा भाषेच्या माहितीपत्रकात २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून शोधाची चौकट आली. पण तीही नावच मागते. पायथॉनची माहिती विषयवार आहे. मजकुराचं एका प्रकरणात, तारखांचं दुसऱ्या. ते बरं पडतं.”

इतक्यात सौ. चिवडा घेऊन आली. “माझ्या पाककृतींच्या वहीत पहिलंच पान आहे, ‘अवचित पाहुणे आले तर’. पदार्थाचं नाव नंतर!”

आम्ही हसलो. पुतणी मात्र गंभीर झाली.

“काकू, गेल्या महिन्यात आमच्या कचेरीत एक नवा मुलगा आला. दोन दिवस असंच एक फंक्शन शोधत बसला. विचारायची लाज वाटली. शेवटी बिचाऱ्यानं ते नव्यानं लिहिलं, त्यात चूक राहिली आणि बोलणी खाल्ली. ते माहितीपत्रक मी लिहिलं होतं. सगळं होतं त्यात. फक्त त्याला सापडलं नाही.”

कुणी काही बोलले नाही. चिवडा तसाच राहिला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी तिने मला नवे पान दाखवले. मथळा होता, ‘तुम्हाला काय करायचे आहे?’ खाली साधे प्रश्न : तारखेवरून वार काढायचा आहे? मजकुराचे तुकडे करायचे आहेत? प्रत्येकाखाली फंक्शनचे नाव, दोन ओळींचे उदाहरण आणि ‘हे नको असल्यास ते पाहा’ अशी वाट.

“त्या मुलालाच आधी वाचायला देणार,” ती म्हणाली. “अडला, तर चूक माझी.”

मला तिचा अभिमान वाटला. आता सौ.ला एकच विनंती : फडताळातल्या डब्यांवरही अशाच चिठ्ठ्या लावाव्यात. साखर म्हणून मी आजवर दोनदा मीठ घातले आहे!