लक्षद्वीपला जावे, पण भांडवल मोडून नव्हे

नांदेड-लातूरच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी लक्षद्वीप जरूर पाहावे. मात्र सौद्याआधी करतो तसा हिशेब करूनच. तेथे जाण्यास परवाना लागतो. त्याची खात्री झाल्याखेरीज कोचीहून सुटणाऱ्या जहाजाच्या तिकिटात पैसे अडकवू नयेत. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. दिवाळीच्या सुमारास लातूरच्या बाजारात सोयाबीनची आवक, उन्हाळ्यात लग्नसराई; म्हणून आम्हांस जानेवारी सोयीचा वाटतो. शिंपीबांधवांनी ईदची शिवण कधी येते तेही पाहावे. कारागिराचे दुकान बंद राहिले की तिकिटाच्या जोडीला बुडालेली मजुरीही खर्चात धरावी लागते. तेव्हा वर्षभर भिशी टाकावी, मालाच्या पैशाला हात लावू नये. सहल आठ दिवसांची आणि उधारी वर्षाची, असे होऊ नये.