आरोग्यचिंतन : तपापूर्वी यंत्राची पारख

पर्युषण जवळ आले की मधुमेही तपस्वींच्या घरी ग्लुकोमीटरची चौकशी सुरू होते. यंत्र स्वस्त मिळाले तरी खरा खर्च पट्ट्यांचा असतो. त्या गावात नियमित मिळतात का, हे आधी पाहावे. यंत्र आयएसओ १५१९७ : २०१३ या मानकाचे असावे.

मात्र मानकातही सूट आहे. शर्करा १०० पेक्षा कमी असता १५ अंकांचा आणि त्याहून अधिक असता १५ टक्क्यांचा फरक ग्राह्य मानला जातो. म्हणजे पडद्यावर ८० दिसत असता रक्तातील शर्करा ६५ असू शकते. आणि ७० च्या खाली धोका सुरू होतो.

म्हणून प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त देताना त्याच वेळी आपल्या यंत्रावरही तपासून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. चातुर्मासाच्या दमट हवेत पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी, मुदत पाहावी. फळ चिरलेला हात न धुता तपासल्यास आकडा खोटा वाढतो. निर्जल उपवासात शरीरातील पाणी घटल्यानेही आकडा चुकू शकतो.

इन्सुलिन वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि गुरुमहाराजांकडून आगार समजून घ्यावेत. चौविहारानंतर रात्री घाम, थरथर, भोवळ जाणवल्यास आकडा ठीक दिसला तरी साखर देण्यास विलंब करू नये. तप विवेकाने शोभते.