थ्रेड : स्टीफन्सची ओवी मिरवण्यापूर्वी त्याची दोत्रिन वाचा

दरवर्षी २७ फेब्रुवारी जवळ आला की फादर थॉमस स्टीफन्स यांची मराठीची थोरवी गाणारी ओवी चौकटीत बसवून सर्वत्र फिरू लागते. तिच्याखाली दोन प्रकारचे प्रतिसाद ठरलेले असतात. 'पाहा, परकीयालाही आमची भाषा भावली' असे म्हणणारा एक गट, आणि 'हा तर धर्मांतराचा सापळा' असे म्हणणारा दुसरा. ग्रंथात १०,९६२ ओव्या आहेत. दोन्ही गटांनी मिळून त्यांतल्या दहा तरी वाचल्या असतील का, याची मला शंका आहे.

या थ्रेडमध्ये माझे म्हणणे एवढेच आहे : कॅथलिक मुलाला पहिल्या धड्यात काय शिकवतात हे ठाऊक नसेल, तर ख्रिस्तपुराण समजत नाही, गोव्याचे सोळावे शतक समजत नाही, आणि आपल्या खानदेशातला शेजारीही समजत नाही. हे अज्ञान दोन्ही गटांना सारखेच सोयीचे आहे, म्हणून ते टिकून आहे.

प्रथम माणूस. स्टीफन्स मूळचे इंग्लंडमधील विल्टशायरचे. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यास पोहोचले आणि १६१९ मध्ये तेथेच वारले. पुष्कळसा काळ त्यांनी साष्टीत काढला (ही साष्टी गोव्यातली, मुंबई-ठाण्याची नव्हे, हा घोळ दर वेळी होतो). १६१६ मध्ये राचोल येथे त्यांचे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, त्याच राचोलहून त्यांचे दुसरे पुस्तक निघाले : 'दौत्रिना ख्रिस्तां', म्हणजे धर्मशिक्षणाची लहानशी पोथी. हिलाच मी येथे दोत्रिन म्हणतो आहे.

पुराणाचा गौरव करताना दोत्रिनीचा उल्लेख कोणी करत नाही. पुराण मात्र तिचा उल्लेख करते! पहिल्याच अवस्वरूत (स्टीफन्सच्या अध्यायांचे हे नाव) प्रसंग असा आहे की धर्मशिक्षण ऐकलेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला गाठून विचारतो : तुमची दोत्रिन उत्तम आहे, परंतु आमची पूर्वीची पुराणे तुम्ही निषिद्ध केलीत, मग त्यांच्या जागी मन रमेल असे दुसरे पुराण आम्हाला का देत नाही? या तक्रारीचे उत्तर म्हणून हा महाग्रंथ उभा राहतो. मराठीवरच्या प्रेमातून तो सहज उमलला, हे वर्णन म्हणूनच अपुरे आहे. ग्रंथ हिरावले गेल्याची एका शिकणाऱ्याने केलेली तक्रार त्याच्या मुळाशी आहे, आणि ती तक्रार खुद्द कवीने नोंदवून ठेवली आहे.

मग दोत्रिनीत असते काय? मार्कोस जोर्जे या पोर्तुगीज जेझुइटाच्या पुस्तकावरून ती बेतलेली आहे. तिची रचना गुरु-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांची. विषय त्या काळच्या कोणत्याही कॅथलिक धर्मशिक्षणाचेच : क्रुसाची खूण, प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, दहा आज्ञा, ख्रिस्तसभेच्या आज्ञा, सात संस्कार. हे सारे पाठ करायचे असे. १५४२ मध्ये गोव्यात आलेला फ्रान्सिस झेवियर रस्त्याने घंटा वाजवत मुलांना याच पाठांसाठी गोळा करी.

मतांगीकार म्हणजे श्रद्धेची कलमे. एकच परमेश्वर, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत; त्यातील पुत्राने कुमारी मरियेच्या उदरी मनुष्यदेह घेतला, तो क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, स्वर्गात गेला, आणि न्याय करण्यासाठी पुन्हा येणार आहे. आता ख्रिस्तपुराणाची मांडणी पाहा. पैल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवेचे पतन, जुन्या करारातील कथा. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, मरण, पुनरुत्थान, स्वर्गारोहण. मतांगीकार ही या ग्रंथाची जणू अनुक्रमणिकाच. दोत्रिनीत जे एका वाक्यात येते, ते पुराणात शेकडो ओव्यांत पसरते.

'नमो मरिया'विषयी थोडे अधिक लिहितो, कारण 'कॅथलिक मेरीची पूजा करतात' हे विधान इतिहासाच्या विद्यार्थ्यांच्या लेखनातही सापडते. या प्रार्थनेचा पूर्वार्ध लूककृत शुभवर्तमानातला आहे : देवदूताचे मरियेला अभिवादन आणि एलिझाबेथचे उद्गार. उत्तरार्धात मरियेकडे मागणे एकच आहे, 'आम्हासाठी विनंती कर'. आराधना फक्त ईश्वराची, मरिया आणि संत यांचा सन्मान आणि त्यांच्याकडे मध्यस्थीची याचना, असा भेद कॅथलिक शिकवण काटेकोरपणे करते. तो भेद कोणाला पटो वा न पटो, परंतु समाज स्वतः जे मानतो ते आधी नोंदवणे हे इतिहासकाराचे काम आहे.

गंमत अशी की ही प्रार्थना तिच्या आजच्या रूपात अधिकृतपणे स्थिरावली ती १५६८ मध्ये, पोप पाचवे पायस यांच्या प्रार्थनाग्रंथात. जपमाळेलाही त्यांनीच १५६९ मध्ये निश्चित रूप दिले. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा युरोपातसुद्धा हे साचे जेमतेम दहा वर्षांचे होते. ट्रेंटची धर्मपरिषद १५४५ ते १५६३ या काळात झाली. म्हणजे साष्टीतला कुणबी आणि इटलीतला शेतकरी जवळजवळ एकाच पिढीत एकच घोटीव पाठ शिकत होते. 'हजार वर्षांची युरोपीय परंपरा येथे आणून लादली' हे चित्र ठसठशीत असले तरी कालगणनेत टिकत नाही.

जपमाळेवरून 'आमच्याकडून चोरली' असे म्हणणाऱ्यांनी तिची मोजणी पाहावी. दहा-दहा नमो मरियांचे पाच गट, प्रत्येक गटाआधी प्रभूची प्रार्थना, नंतर त्रैक्याचे गौरवगान, आणि प्रत्येक गटासोबत ख्रिस्त व मरिया यांच्या जीवनातील एका रहस्याचे चिंतन. परंपरेने पंधरा रहस्ये होती, म्हणजे १५० नमो मरिया, आणि त्यांचा मेळ बायबलमधील १५० स्तोत्रांशी घातला जाई. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी आणखी पाच रहस्ये सुचवली. आपल्या माळेत १०८ मणी असतात आणि तिच्यामागचा विचार वेगळा. दोन्हीकडे बोटांत मणी आहेत, एवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही.

आता भाषेकडे येतो. दोत्रिनीच्या शीर्षकातच तिची भाषा 'ब्राह्मण कानारी' म्हटली आहे. ही त्या प्रदेशातील ब्राह्मणांची बोली, म्हणजे आजच्या हिशेबाने कोकणी. पुराणाची भाषा मात्र मराठी, कोकणीचा हात लागलेली. एकाच लेखकाने एकाच परिसरासाठी दोन भाषा का निवडाव्यात? हे खानदेशी माणसाला समजावून सांगावे लागू नये. घरात अहिराणी आणि शाळेत, कीर्तनात, छापील पुस्तकात मराठी, हे आपण रोज जगतो. जे लहान मुलाच्या तोंडी बसायला हवे ते घरच्या बोलीत, आणि जे भारदस्तपणे ऐकायचे ते ग्रंथभाषेत, असा हा हिशेब. मराठीच्या गौरवासाठी स्टीफन्सला वेठीस धरणारे त्याच्या कोकणी पुस्तकाचे नावही घेत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असावे.

शब्दांची निवड तर याहून बोलकी आहे. स्वर्गासाठी पुराणात 'वैकुंठ' बिनदिक्कत येतो. गुरु, भक्ती, मुक्ती हे शब्दही येतात. पण पवित्र आत्म्याला 'स्पिरितु सांतु'च म्हटले आहे, आणि बाप्तिस्म्यासारख्या संस्काराचे नावही पोर्तुगीजच ठेवले आहे. शब्द सापडला नाही म्हणून असे झाले, हे मला पटत नाही. इतक्या समर्थ कवीला शब्दांची वाण पडत नाही. स्वर्गाचे वर्णन स्थानिक शब्दात केले तर बिघडत नाही, पण त्रैक्य आणि संस्कार हा श्रद्धेचा गाभा. तेथे जुन्या शब्दासोबत जुना अर्थ शिरेल ही धास्ती त्यामागे दिसते. दारे कोणती उघडी ठेवली आणि कोणती लावून घेतली, याचा हा नकाशा आहे. 'स्टीफन्स हा ख्रिस्ती वारकरी' असे लिहिणाऱ्यांनी तो एकदा समोर ठेवावा. मूर्तिपूजेचा स्पष्ट निषेध करणारा ग्रंथ आहे तो.

येथे पहिल्या गटाला जे ऐकायचे नसते ते सांगणे भाग आहे. १५६७ मध्ये साष्टीतील देवळे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. गोव्याचे इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रोदोल्फो आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या घटनेची हकीकत दिली आहे, आणि त्याच पत्रात येथील भाषांची रचना लॅटिन-ग्रीकच्या जवळची असल्याचे कौतुकही केले आहे. रक्तपाताची वार्ता आणि व्याकरणाचे कौतुक एकाच पत्रात! हे पत्र अर्धेच वाचण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ट्रेंटच्या परिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये प्रतिमांविषयी ठराव केला : प्रतिमेत काही दैवी शक्ती वसते असे मानू नये, तिला दिलेला मान तिने दर्शवलेल्या व्यक्तीस पोहोचतो. 'देव दगडात नाही, दगडामागे आहे' असे साष्टीतला एखादा भक्तही म्हणाला असता. त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही. ज्या युक्तिवादाने स्वतःच्या वेदीवरचे पुतळे राखले, तोच समोरच्याला नाकारला. दोत्रिन वाचल्यावाचून ही विसंगती दिसत नाही; दुसऱ्या गटातील संतप्त मित्रांच्या हातून आपला सर्वांत धारदार मुद्दा निसटतो तो यामुळे.

'शिकवणीचे साहित्य हे साहित्यच नव्हे' हाही एक आक्षेप असतो. मग महानुभावांचे काय करायचे? आपल्या खानदेशात हा पंथ आजही जिवंत आहे. लीळाचरित्र हे मराठी गद्याचे वैभव म्हणून आपण अभ्यासतो, पण सूत्रपाठ आणि पंचकृष्णांची कल्पना बाजूला ठेवून ते वाचणारा कथा वाचतो आणि अर्थ गमावतो. लिपीची गोष्टही तशीच. महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बंद होते आणि ती उलगडण्यात राजवाड्यांचाही वाटा होता, ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. ख्रिस्तपुराण रोमन लिपीत अडकले. मंगळूरला १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा छापले तेही रोमनमध्येच. देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून काढली ती १९५६ मध्ये. मराठी वाचकाला आपला ग्रंथ आपल्या लिपीत छापून मिळायला ३४० वर्षे लागली.

'खानदेशाचा या सगळ्याशी काय संबंध?' असे विचारणारे येतीलच. १६००-०१ मध्ये अकबराने असीरगडाला वेढा घातला तेव्हा जेरोम झेवियर हा जेझुइट बादशहाच्या छावणीत होता. रावेरहून फार दूर नसलेला हा किल्ला फारुकींच्या खानदेशाचा. त्याच झेवियरने १६०२ मध्ये अकबरासाठी फारसीत ख्रिस्तचरित्र सिद्ध केले. चौदा वर्षांनी राचोलला तीच कथा मराठीत आली. एक बादशहाच्या दरबारासाठी, दुसरी साष्टीतल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी. या दोन ग्रंथांची तुलना करणारा निबंध खानदेशातल्या कोणीतरी लिहावा, हे माझे जुने स्वप्न आहे.

आजचे बोलायचे तर जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे नाशिक कॅथलिक धर्मप्रांतात येतात. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून तो वेगळा झाला आणि थॉमस भालेराव हे पहिले बिशप झाले. नवापूर-धुळे भागातले स्कँडिनेव्हियन मिशन किंवा भुसावळ-चाळीसगावकडचे अमेरिकन अलायन्स मिशन हा निराळा, प्रोटेस्टंट प्रवाह. तेथे सात संस्कारांऐवजी दोन मानतात, जपमाळ नाही, संतांकडे विनंती नाही. आपल्याकडे मात्र 'मिशनरी' या एका शब्दात सारे कोंबले जातात, आणि एकाच्या कृतीचा जाब दुसऱ्याला विचारला जातो. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाले तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे 'सुबोध बायबल' उघडले होते?

वाचायचेच असेल तर अ. का. प्रियोळकरांपासून आरंभ करा. त्यांनी १९५८ मध्ये भारतातील मुद्रणाच्या इतिहासावर लिहिले, ज्यात या पाद्र्यांच्या छापखान्यांना मोठे स्थान आहे, आणि १९६१ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनवरही लिहिले. ऋण आणि अपराध दोन्ही एकाच लेखणीने नोंदवता येतात. नंतर मूळ ग्रंथाकडे वळा. नाशिकच्या 'दिव्यदान' संस्थेत शिकवणारे फादर नेल्सन फाल्काव यांनी ख्रिस्तपुराणाचा आजच्या मराठीत अनुवाद केला आहे. जळगावहून नाशिक किती दूर?

एक शेवटची नोंद. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या बोलीत जेझुइटांनी प्रार्थना शिकवल्या, तीच सरकारने मोडीत काढायला घेतली. चर्च आणि पोर्तुगीज सत्ता यांना एकच समजणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. पुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ते हस्तलिखितांतून तगले. १६२२ ची दोत्रिन मात्र छापील रूपात उरली, आणि १९४५ मध्ये मारियानो सालदान्हा यांनी लिस्बनहून तिची जशीच्या तशी प्रतिकृती प्रसिद्ध केली.