आधी विमानतळांची यादी वाचा

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स 2006चा. त्यात गोव्याचा मोपा विमानतळ मुळात असणार कुठून? तिथली प्रवासी उड्डाणं सुरू झाली जानेवारी 2023मध्ये. तरीही गोव्याच्या आकाशात आपोआप विमानं उडवणारं नवं ट्रॅफिक पॅकेज अनेक जण डोळे मिटून बसवतात आणि सिम्युलेटरमध्ये मोपाच नसल्याने आकाश ओकंबोकं दिसलं की संगणकाला दोष देतात.

तपासणी सोपी आहे. ट्रॅफिकची फाइल टीटूल्ससारख्या साधनाने उलगडली की विमानं, विमानतळ आणि उड्डाणं यांच्या तीन साध्या फायली मिळतात. गोव्यातल्या जुन्या दाबोळी विमानतळाचा संकेत व्हीओजीओ, मोपाचा व्हीओजीए. फरक एकाच अक्षराचा, म्हणून नीट वाचायचं. जुन्या पॅकेजांत 2020मध्ये बंद पडलेलं बर्लिनचं टेगलही अजून गजबजलेलं सापडतं.

विमानतळांची ही यादी पॅकेज बनवणाऱ्यांनीच सोबत द्यायला हवी. त्या विमानतळांवरचं पार्किंगही पाहावं: जागा नसेल तर उतरलेलं विमान तिथल्या तिथे नाहीसं होतं.