षष्ठीचा प्रत्यय

दिवाळी अंकात खेळावर लिहायचे म्हणजे क्रिकेटवर लिहायचे, असा आपल्याकडे संकेतच पडून गेला आहे. फराळाच्या ताटात चकली हवी, तसे ते. मी आज शंकरपाळ्यावर लिहिणार आहे. शंकरपाळा काही वाईट नसतो, ताटात तो असतोही. पण पाहुण्याचा हात जातो तो चकलीकडे, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डब्याच्या तळाशी उरतो तो शंकरपाळा. मुंबईतल्या हॉकीची गत याहून निराळी नाही. त्यातून मी ज्या संघाचा चाहता आहे, तो तर आता डब्याच्या तळाशीही उरलेला नाही.

मुंबईच्या व्यावसायिक हॉकी संघाचा मी चाहता आहे. हे वाक्य ऐकल्यावर माणसे दोन प्रश्न विचारतात. पहिला, "असा संघ आहे?" दुसरा, "सर, तुम्ही राहता शीळफाट्याला. मुंबईचा संघ तुमचा कसा?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: होता. दुसऱ्याला मात्र लेखच लिहावा लागेल.

शीळफाटा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणहून येणारा रस्ता आणि महापेकडे जाणारा रस्ता यांची इथे गाठ पडते, आणि या तिघांवरच्या ट्रेलरचीही. इथल्या माणसाला आपण नेमके कुठले, हे सांगताना अडखळायला होते. ठाणे म्हणावे तर ठाणे लांब, डोंबिवली म्हणावे तर मधे गर्दीचा रस्ता, नवी मुंबई म्हणावे तर मधे डोंगर. मात्र घाटावरच्या नातेवाइकांना आम्ही बेलाशक 'मुंबईला असतो' असे सांगतो आणि चर्चगेटला निघालो की शेजाऱ्याला 'मुंबईला जाऊन येतो' असेही सांगतो. दोन्ही वाक्ये एकाच तोंडाने, आणि दोन्ही खरी. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणाऱ्या बुलेट ट्रेनच्या एकवीस किलोमीटर बोगद्याचे दुसरे तोंड आमच्याच शीळफाट्याला उघडायचे आहे. तेव्हा जमिनीखालून तरी आम्ही मुंबईला जोडले जातो आहोत, जमिनीवरचे काय ते पाहू.

प्रश्न शेवटी व्याकरणाचा आहे. वर्गात षष्ठी शिकवताना आम्ही सांगतो, की चा-ची-चे हे प्रत्यय दिसायला एकच, पण त्यांच्या पोटात अनेक संबंध असतात. 'रामाचा घोडा' यात मालकी आहे. 'कोल्हापूरचा गूळ' यात उगम आहे. 'सोन्याची अंगठी' यात ती वस्तू कशाची घडली, ते आहे. आता 'मुंबईचा संघ' यातली षष्ठी कुठली? गेली वीस वर्षे मी हे कोडे उराशी बाळगून आहे.

या वीस वर्षांत त्या संघाने नावेच चार घेतली. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग निघाली, तेव्हा आपला संघ होता 'मराठा वॉरियर्स'. खडकीचा धनराज पिल्ले त्यात होता, आणि ज्याने धनराजला चेंडू घेऊन धावताना पाहिले त्याला त्या संघाचा होण्यासाठी आणखी कारण लागत नव्हते. पण त्या पहिल्या वर्षीचे सगळे सामने हैदराबादला. मराठ्यांनी महाराष्ट्रात पाऊल न टाकता मोहीम केली! मग २०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी आली. तिच्यात 'मुंबई मरीन्स' आणि 'पुणे स्ट्रायकर्स' असे आपले दोन संघ. अंतिम सामना २ एप्रिलला चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवर झाला, पुण्याचा संघ तिथवर पोहोचला आणि शेर-ए-पंजाबकडून ५-२ असा हरला. हॉकीचा कारभार कोणाच्या हाती, यावर तेव्हा देशात दोन संघटनांचे भांडण जुंपले होते. त्या भांडणात ही लीग पहिल्याच वर्षाची धनी झाली.

२०१३ साली दुसऱ्या संघटनेने हॉकी इंडिया लीग काढली आणि मुंबईला तिसरे नाव मिळाले, 'मुंबई मॅजिशियन्स'. प्रशिक्षक ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ, म्हणजे हॉकीतले द्रोणाचार्यच. पण त्या जानेवारीत सीमेवरच्या घटनांनी वातावरण तापले. लीगमध्ये पाकिस्तानचे नऊ खेळाडू होते, त्यांत मुंबई संघातलेही. स्टेडियमवर निदर्शने झाली, खेळाडू परत गेले आणि मुंबईचे घरचे सामने दिल्लीला हलवण्यात आले. पाच संघांत आमचा पाचवा. दोन हंगामांनी मालक बदलले, आणि २०१५ पासून चौथे नाव, 'दबंग मुंबई'. हा दबंग संघ दोन वर्षे कुणालाच दबवू शकला नाही. मात्र २०१७ साली त्याने थेट अंतिम फेरी गाठली. २६ फेब्रुवारीला चंडीगडच्या मैदानावर कलिंग लान्सर्सने त्याला ४-१ असे हरवले. आणि त्यानंतर संघही नाही, लीगही नाही.

सात वर्षांहून अधिक काळ लोटला. २८ डिसेंबर २०२४ ला लीग पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ: दिल्ली, हैदराबाद, कलिंग, बंगाल, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, पंजाब-हरियाणाचा सूरमा आणि विशाखापट्टणमचा गोनासिका. यादी मी दोनदा वाचली. निकालाच्या यादीत आपला नंबर नसला की विद्यार्थी वाचतो तशी. मुंबई नव्हती, पुणे नव्हते, नागपूर नव्हते.

आता षष्ठीकडे वळू. पहिला संबंध मालकीचा. संघ विकत घेणाऱ्याचा असतो, हे व्यवहाराचे मत. त्या मताने पाहिले तर गंमत अशी, की सूरमा हा संघ ज्या जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाचा आहे त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे. पैसा मुंबईचा आणि संघ पंजाब-हरियाणाचा! म्हणजे मालकीच्या षष्ठीने संघ गावाचा होत नाही. मालक शहाणा असतो. तो जिथे लोक हॉकी पाहतात तिथले नाव घेतो. यात त्याचा दोष नाही. दोष द्यायचाच तर चार वेळा पाटी बदलणाऱ्यांना द्यावा. दुकानाची पाटी दर दोन वर्षांनी बदलली, तर उधारी ठेवणारे गिऱ्हाईकही वळून पाहत नाही, मग चाहत्याने जीव लावायचा तो कुठल्या नावाला?

दुसरा संबंध उगमाचा. संघात गावची मुले हवीत, हे भावनेचे मत. ते माझ्याही मनाला पटकन भिडते. युवराज वाल्मीकी हा मरीन लाइन्सचा मुलगा. हॉकी स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर, वर्षानुवर्षे वीज नसलेल्या खोलीत तो आणि भाऊ देविंदर वाढले. २०११ साली आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्धचा निर्णायक पेनल्टी स्ट्रोक युवराजने मारला. देविंदर २०१६ साली ऑलिंपिकला गेला. आणि २०१३ च्या लीगमध्ये युवराज खेळला कुणाकडून? दिल्लीकडून! धनराज २०१२ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मैदानात उतरला तो कर्नाटकाच्या संघातून. लिलावाच्या हातोड्याला पत्ता वाचता येत नाही.

पण थोडे थांबून विचार केला की हेही मत टिकत नाही. आमच्या पंचक्रोशीत, खिडकाळी, देसई, पडले या गावांत, कबड्डीवर लोकांचा जीव. 'यू मुम्बा' संघाने २०१५ साली प्रो कबड्डी जिंकली तेव्हा त्याचा कर्णधार होता हरियाणाचा अनुप कुमार. इथल्या एकाही माणसाने त्याचे गाव विचारले नाही. चहाच्या टपरीवरचा पोऱ्या 'आपला अनुप' असेच म्हणे. हॉकीतही तेच. २०१७ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडे फ्लोरियन फुक्स होता तर कलिंगाकडे मोरित्झ फुर्स्ते. दोघेही जर्मन. एवढे असूनही कलिंगाचा संघ ओडिशाचा झाला. आमचा मुंबईचा झाला का, हा मात्र प्रश्नच राहिला.

म्हणजे राहिला तिसरा संबंध, सोन्याच्या अंगठीचा. संघ कशाचा घडला आहे? ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यात गावोगाव हॉकीचे सामने होतात आणि जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो. त्या जिल्ह्यातला दिलीप तिर्की भारताचा कर्णधार झाला आणि २०२२ साली हॉकी इंडियाचा अध्यक्षही. सरकारने भारतीय संघाला आश्रय दिला, राउरकेलाला मोठे स्टेडियम बांधले, पण ते नंतरचे. आधी बोकड होता! लीग सात वर्षे झोपली आणि जागी झाली तेव्हा पुरुषांच्या जुन्या संघांपैकी एकच नाव टिकून होते, ते कलिंग लान्सर्सचे. तसेच यू मुम्बाचे. मालकांच्या इच्छेबरोबरच इथल्या गावागावातल्या मंडळांनी, मातीच्या मैदानांनी आणि मॅट अंथरून रात्र जागवणाऱ्या पोरांनी ते नाव २०१४ पासून टिकवले आहे. एकाच मुंबईचे दोन संघ. एकाच्या खाली जमीन होती, दुसऱ्याच्या खाली नुसतीच कृत्रिम हिरवळ.

मग मुंबईत हॉकीची जमीन कधी नव्हतीच काय? तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. आगाखान स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची. गोवेकर, ईस्ट इंडियन, अँग्लो-इंडियन, पारशी, पंजाबी, रेल्वेवाले, कस्टम्सवाले अशा सगळ्यांच्या काठ्या या शहरात वाजल्या. १९८२ चा विश्वचषक इथेच, चर्चगेटला झाला. पण मला आठवण द्यायची आहे ती १९२८ ची. भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ अ‍ॅमस्टरडॅमला निघाला तो मुंबई बंदरातून. निघण्यापूर्वी त्याने मुंबईच्या संघाशी सामना खेळला आणि मुंबईने ध्यानचंदच्या त्या संघाला ३-२ असे हरवले! केवढी ही मुंबई! मात्र 'कैसर-ए-हिंद' बोट सुटली तेव्हा त्या संघाला निरोप द्यायला धक्क्यावर माणसे होती तीन. पुढे अ‍ॅमस्टरडॅमला भारताने पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले, एकही गोल होऊ दिला नाही, सुवर्णपदक जिंकले. बोट परत आली तेव्हा त्याच बंदरावर मुंगी शिरायला वाव नव्हता. ही हकिगत खुद्द ध्यानचंदांनीच नोंदवून ठेवली आहे.

माझ्या मते चाहत्यांचे दोनच प्रकार आहेत, बोट सुटताना येणारे आणि बोट परतताना येणारे. दुसऱ्या प्रकाराची निंदा मी करत नाही. विजयाला गर्दी हवीच. पण 'चा' हा प्रत्यय लागतो तो पहिल्या प्रकारच्या तीन माणसांमुळे. मुंबईने मुंबईचा हॉकी संघ गमावला तो मालकांमुळे, लिलावांमुळे, भांडणांमुळे, आणि बरोबरीने या तीनांची तीनशे झाली नाहीत म्हणूनही. चार संघ आले, चारही गेले. कुठे सभा झाली नाही, संपादकांना पत्रांचा पाऊस पडला नाही. एखादी बससेवा बंद झाली तरी आमच्या फाट्यावर याहून अधिक आरडाओरडा होतो.

"मग आता तुम्ही कुणाचे, सर? कलिंगाचे व्हा," असे एका विद्यार्थ्याने मला सुचवले. सूचना सद्‌हेतूची होती. मुलगा हुशार आहे, नोकरीत बढती घेत जाईल. पण गावचा संघ ही बदलीची जागा नव्हे. शिवाय आम्ही शीळफाट्याची माणसे. ज्या शहराने आम्हांला अजून पुरते आपले म्हटलेले नाही, त्याला आम्ही आपले म्हणत आलो आहोत. ज्याला संघ नाही अशा शहराच्या संघाचा चाहता होणे आम्हांला जड का जावे? सवयच आहे.

रुसून बसणाऱ्यांपैकी मात्र मी नाही. महिंद्र स्टेडियमवर शाळा-कॉलेजांचे, स्थानिक लीगचे सामने होतात. तिथे नाचणाऱ्या मुली नसतात, समालोचकांचा गलका नसतो. हिरवळीवर पाणी मारलेले असते, चेंडू धावला की त्यामागे तुषारांची एक रेघ उठते, आणि काठीला काठी लागल्याचा आवाज वरच्या बाकापर्यंत स्पष्ट येतो. टीव्हीवर तो कधी ऐकू येत नाही. शीळफाट्याहून जायचे तर रिक्षाने दिवा स्टेशन, तिथून धीमी लोकल, टर्मिनसला उतरून आझाद मैदानाच्या कडेने चालत चर्चगेट. दोन तास सहज जातात. नवा संघ मागणारे अर्ज पुष्कळ करता येतील, पण ज्या शहराच्या बाकांवर शाळेच्या सामन्याला तीनशे माणसे बसतात, तिथे संघ काढायला मालक आपण होऊन येतात. बोकड कुणी लावत असेल तर वर्गणीत माझे नाव घाला.

उद्या मुंबईला पाचव्यांदा संघ मिळाला आणि पाचवे नाव मिळाले, तर ते नाव काय असावे, हे मला कुणी विचारणार नाही. नाव काहीही ठेवा. त्यापुढे 'मुंबईचा' हा शब्द लागतो की नाही, ते मात्र मालकांच्या कचेरीत ठरायचे नाही. बोट सुटायच्या दिवशी धक्क्यावर किती माणसे उभी आहेत, ती मोजावीत. त्यांत फाट्यावरचा एक माणूस आताच धरून चालायला हरकत नाही.