भाताचे पैसे येण्याआधी एक आकडा लिहून ठेवा



आज खताचा, फवारणीचा सल्ला नाही. आज पैशाबद्दल थोडं बोलायचं आहे. कुणाला टोचलं तर राग मानू नका, आमच्या घरचंच पहिलं सांगतो.

1970 साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी जीव दिला. दि. बा. पाटील साहेबांनी लढा लावून धरला, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंड आपल्या पदरात पडला. माझ्या काकांचाही त्यात हक्क होता. पण भूखंड हातात यायच्या आधीच त्यांनी पात्रतेच्या कागदावर सही करून दिली. घरात लग्न होतं. हळदीला चार गावं जेवली, एक गाडी आली. आज त्या भूखंडावर इमारत उभी आहे आणि चुलतभाऊ तिथेच वॉचमनची ड्युटी करतो.

काका उधळे नव्हते, व्यसनी तर अजिबात नव्हते. पैसा आला तेव्हा त्याचं काय करायचं हेच ठरलेलं नव्हतं, एवढंच. ठरलेलं नसलं की दुसरे ठरवतात: दलाल, भाऊबंद, नाहीतर शोरूमवाला.

आता अटल सेतू झाला, उरणची लोकल द्रोणागिरीत थांबते, विमानतळही सुरू झाला. गुंठ्याचा भाव विचारत फिरणारे रोज भेटतात. जमीन विकू नका असं मी म्हणणार नाही, ज्याची त्याची अडचण असते. पण सही करण्याआधी तीन ओळी लिहा: पैसा कशासाठी, किती, कोणत्या तारखेपर्यंत. "पोरीचं शिक्षण" एवढं लिहून भागत नाही. "नर्सिंगची फी, 2 लाख, जून 2028" असं लिहा. आणि लिहिताना घरच्या बाईला शेजारी बसवा. बहिणींनाही विचारा. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तो विसरून घातलेला हिशोब पुढे कोर्टात मोडतो.

ज्यांना जमीन विकायचीच नाही, त्यांच्यासाठी गोष्ट साधी आहे. मोबाईलवर जो तो सांगतो, दर महिन्याला इतके बाजूला टाका. तो सल्ला पगारदाराचा. आपल्याकडे पैसा येतो भात विकल्यावर, मग थोडा वालाचा, तोंडलीचा. म्हणून हप्ता महिन्याचा नको, हंगामाचा ठेवा. 2025-26 च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव 2,369 रुपये होता. त्या भावाने 30 क्विंटल घातलं तर 71,070 रुपये होतात. त्यातले 15 हजार ज्या दिवशी खात्यात पडतील त्याच दिवशी मुदत ठेवीत टाका. दुसऱ्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी साखरपुडा निघतो! चार हंगामांत 60 हजार मुद्दल जमते, व्याज वेगळं. पॉवर टिलरसाठी पदरची रक्कम तयार.

पण त्याआधी पीक कर्ज मुदतीत फेडा. 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज शून्यावर येतं. ते थकवून ठेव ठेवणं म्हणजे फुटक्या बांधात पाणी साठवणं.

आणखी एक. सगळे पैसे एकाच बँकेत ठेवू नका. एका बँकेत एका ठेवीदाराचे मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच विम्याचं संरक्षण असतं. पनवेलच्या एका सहकारी बँकेचा परवाना 2021 साली रद्द झाला, तेव्हा ही मर्यादा आपल्याकडच्या पुष्कळांना पहिल्यांदा कळली.

हळदीबद्दल काही म्हणत नाही, मलाही नाचायला आवडतं. फक्त तिचाही आकडा आधीच लिहा.

भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेत या तीन ओळी लिहून ठेवा. येत्या बैठकीला फोटो काढून आणा. रक्कम दाखवायची नसेल तर हाताने झाका, तारीख तेवढी दिसू द्या.