वार्ता कशास म्हणावे?

खासगी प्रसारणसंस्था आणि सैन्य यांच्या सख्याचा विषय निघाला म्हणजे थायलंडचे उदाहरण पुढे येते. तेथे 1967 साली सुरू झालेली सातव्या क्रमांकाची दूरचित्रवाणी वाहिनी खासगी कंपनी चालवीत असे, परंतु प्रक्षेपणाचा अधिकार भूसेनेकडून मिळालेला होता. भारतात असे नाही, याचे समाधान सर्वत्र व्यक्त होते. वस्तुतः सैनिकाने ध्वनिक्षेपणगृहात पाऊल न ठेवताही सुरक्षेचा तर्क तेथे अधिकार गाजवू शकतो. चेन्नईचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

या नगरीत नभोवाणीचा आरंभ सरकारने केला नाही. 1924 साली मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब या हौशी मंडळाने प्रक्षेपण सुरू केले. 1927 साली ते पैशाअभावी थांबले; 1930 मध्ये महापालिकेने ते हाती घेतले आणि 1938 साली ऑल इंडिया रेडिओचे केंद्र आले. पुढे खासगी कंपन्यांना एफ.एम. वाहिन्या मिळाल्या, त्या मात्र अटींसह. 2015 च्या लिलावाच्या वेळी चेन्नईच्या सन समूहाच्या नभोवाणी कंपन्यांना गृह मंत्रालयाने सुरक्षाविषयक मान्यता नाकारली. प्रवर्तकांवरील आर्थिक स्वरूपाची प्रकरणे हा त्याचा आधार होता. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना लिलावात भाग घेण्याची मुभा दिली. आर्थिक व्यवहारांची चौकशी अवश्य व्हावी. तिला राष्ट्रसुरक्षेचे नाव देणे हा मात्र शब्दाचा दुरुपयोग होय.

याहून गंभीर बाब वार्तेची आहे. सन समूह दूरचित्रवाणीवर स्वतःच्या तमिळ बातम्या देतो. नभोवाणीवर मात्र त्यास ती मोकळीक नाही. खासगी एफ.एम. वाहिन्यांना 2019 पासून आकाशवाणीची बातमीपत्रे देता येतात, तीही जशीच्या तशी. 2011 च्या धोरणाने हवामान, वाहतूक, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती ‘वार्ता’ या संज्ञेतून वगळली. डिसेंबर 2015 च्या महापुरात या भेदाचा खरा अर्थ उघड झाला. कोणता रस्ता पाण्याखाली गेला, ही माहिती ठरते. चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी केव्हा व कोणाच्या निर्णयाने सोडले, हा प्रश्न वार्तेच्या कक्षेत जातो. म्हणजे संकट सांगावे, त्याचे उत्तरदायित्व विचारू नये.

भाषेच्या अभ्यासकांनी हा प्रश्न केवळ कायदेपंडितांवर सोपविणे योग्य नव्हे. एका शब्दाच्या व्याख्येने तमिळ, मराठी आदी भाषांच्या खासगी नभोवाणीला गीत आणि गप्पा यांपुरते सीमित केले आहे. ज्या भाषेत गाता येते पण जाब विचारता येत नाही, ती भाषा त्या माध्यमापुरती अपुरी राहते. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली म्हटले. ती संपत्ती जनतेची असेल, तर तीवरून जनतेच्या भाषेत प्रश्नही उमटला पाहिजे.